पतगुणांक पुनर्बांधणी

पतगुणांक पुनर्बांधणी : हप्ते थकल्यामुळे, कर्ज निर्लेखित झाल्यामुळे (म्हणजे बँकेने ते बुडीत धरून हिशेबातून वगळल्यामुळे) किंवा तडजोडीने मिटवल्यामुळे घसरलेला व्यक्तीचा पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) पुन्हा वर आणण्याची प्रक्रिया. बोलीत ‘सिबिल सुधारणे’. भारतात हा गुणांक ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या तो देतात. प्रत्येकीचे सूत्र निराळे व गोपनीय असल्याने एकाच माणसाचे चार आकडे क्वचितच जुळतात.

या प्रक्रियेचे मूळ कोठे धरावे याविषयी एकमत नाही. गुणांकाच्या गणिताकडे पाहणारे ते अमेरिकेत शोधतात : डेव्हिड ड्युरँड यांचा हप्तेकर्जांवरील अभ्यास (१९४१) आणि फेअर आयझॅक कंपनीची स्थापना (१९५६) हे त्यांचे टप्पे. भारतीय बँकव्यवहाराचे अभ्यासक १९९० नंतरच्या थकीत कर्जांच्या प्रश्नाकडे व पतमाहितीच्या व्यवस्थेसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दीकी समितीकडे बोट दाखवतात. तिच्या शिफारशींनंतर २००० मध्ये सिबिल स्थापन झाली. पुणे जिल्ह्यापुरते तिसरे मत मांडता येते. ते या व्यवस्थेचे नाते सावकारी पेढ्यांच्या वह्यांशी जोडते. वंशावळ म्हणून ते फारसे टिकत नाही, कारण पेढीची वही त्या पेढीपुरती असे आणि पतमाहिती कंपनीची नोंद सर्व सभासद धनकोंसाठी (कर्ज देणाऱ्यांसाठी) असते. मात्र ऋणकोने (कर्ज घेणाऱ्याने) आपली नोंद पाहावी व तपासावी, या हक्कापुरते ते विचारात घेण्याजोगे वाटते.

या हक्काचा माग दख्खनच्या दंग्यांपर्यंत नेता येतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये आलेला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट (दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा) पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायालयांना खतामागचा मूळ व्यवहार उकरून पाहण्याची मुभा दिली आणि शेतकरी ऋणकोला पावती व खातेउतारा मागण्याचा हक्क दिला. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ याच्या कलम २१ मध्ये नोंद पाहण्याचा व दुरुस्त करवून घेण्याचा जो हक्क आहे, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. थेट प्रभाव मात्र सिद्ध झालेला नाही.

पुनर्बांधणीचा आरंभ पतमाहिती कंपनीकडून आपल्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल मागवण्यापासून होतो. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. चुकीची नोंद आणि खरी थकबाकी यांचे उपाय भिन्न आहेत, व सामान्यतः गोंधळ येथेच होतो. फेडलेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्याने दुसऱ्याचे कर्ज चिकटणे या चुकांबाबत बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे तक्रार करता येते. पण धनकोच्या दुजोऱ्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे (एप्रिल २०२४ पासून). यांपैकी पहिले २१ दिवस धनकोचे धरले जातात. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कक्षेतही आल्या आहेत.

खरी थकबाकी मात्र तक्रारीने जात नाही. अहवालात मागील ३६ महिन्यांचे चौकोन असतात आणि प्रत्येकात हप्ता किती दिवस उशिरा आला हे लिहिलेले असते. थकीत रक्कम आधी भरावी, पुढचे हप्ते वेळेवर द्यावेत, म्हणजे जुने चौकोन हळूहळू मागे सरतात. ‘निर्लेखित’ हा शेरा कर्जमाफी नव्हे. ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) हा शेराही कर्ज पुरते फिटल्याचा नाही. उरलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवल्यास, धनको राजी असेल तर, तो ‘बंद’ असा बदलून घेता येतो. त्यासाठी ना-देय दाखला (काहीही देणे उरले नसल्याचा धनकोचा दाखला) हाती असावा. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार तडजोड केलेल्या ऋणकोला, शेतीकर्ज वगळता, त्याच संस्थेने किमान १२ महिने नवे कर्ज देऊ नये, असा दंडक आहे. नव्याने पत उभी करण्यासाठी मुदत ठेवीच्या तारणावरील क्रेडिट कार्ड हा रूढ मार्ग आहे. कार्डाच्या मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा हा संकेत आहे, नियम नव्हे. एकाच महिन्यात चार-पाच बँकांकडे अर्ज करणे घातक, कारण बँकेने अहवालासाठी केलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद होते.

‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना नोंद पुसण्याचा कोणताही अधिकार नसतो. ते करतात तो अर्ज ऋणकोला स्वतः करता येतो. जानेवारी २०२५ मध्ये धनकोंवर दर पंधरवड्याला माहिती कळवण्याचे बंधन आले, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. निश्चित मुदत मात्र सांगता येत नाही.

पुण्याच्या संदर्भात दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक. पहिली जामीनदाराची. सहकारी बँकांत नातेवाईक वा कामावरील सोबती यांनी जामीन राहण्याची रीत आहे, आणि मूळ ऋणको थकला की ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते. अशाची पुनर्बांधणी दुसऱ्याच्या परतफेडीवर अवलंबून राहते. दुसरी पतसंस्थांची. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात, त्यांची वसुली कलम १०१ खाली सहकार निबंधकाने दिलेल्या वसुली दाखल्याने होते, आणि त्यांच्या कर्जांची माहिती सहसा या कंपन्यांपर्यंत जात नाही. भिशीचेही तसेच. म्हणून पतसंस्थेची कर्जे वर्षानुवर्षे चोख फेडणाऱ्याचा अहवाल कोरा असू शकतो, तर दुकानात बिनव्याजी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचा एक चुकलेला हप्ता त्यात ठळक दिसतो. बँक अवसायनात गेली (म्हणजे ती बंद करून तिचे देणे-घेणे मिटवणे सुरू झाले) तरी कर्ज उरते. पुण्यातील रुपी सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला; अशा बँकेच्या ऋणकोला ना-देय दाखल्यासाठी अवसायकाकडे (हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जावे लागते.