कपालीचार्शी

तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराच्या तटबंदीआड असलेल्या जुन्या भागातील छताखालचा ऐतिहासिक बाजार. ‘ग्रँड बाझार’ या नावानेही प्रसिद्ध. पश्चिमेस बेयाझित व पूर्वेस नुरुओस्मानिये या मशिदींच्या दरम्यान सु. ३०,७०० चौ. मी. क्षेत्रावर तो पसरला असून त्यात साठाहून अधिक गल्ल्या आणि सु. चार हजार दुकाने आहेत. सोने-चांदी, गालिचे, चामड्याच्या वस्तू व कापड हे मुख्य व्यापार. बाजाराचा गाभा म्हणजे ‘बेदेस्तेन’ नावाच्या दोन घुमटी इमारती. त्यांच्याभोवती गल्ल्या हळूहळू वाढत गेल्या.

दोहोंपैकी जुन्या इमारतीचा, म्हणजे जेवाहिर किंवा आतल्या बेदेस्तेनचा, काळ वादग्रस्त आहे. तिची लांबी-रुंदी सु. ४३.३ × २९.५ मी. असून आठ दगडी खांबांवर प्रत्येकी पाच घुमटांच्या तीन रांगा, असे एकूण पंधरा विटांचे घुमट पेलले आहेत. पूर्वेकडील सोनारांच्या दरवाजावर (कुयुमजुलार) गरुडाचे एक बायझंटिन (ओस्मानी म्हणजे ऑटोमन विजयापूर्वीच्या पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातील) शिल्प बसवलेले आहे. त्याचा संबंध कोम्नेनोस घराण्याशी (१०८१–११८५) जोडून काही अभ्यासकांनी संपूर्ण इमारतच बायझंटिन ठरवली. कॉन्स्टंटाइनचा व थिओडोसियसचा असे दोन रोमन चौक आणि त्यांना जोडणारा मेसे हा राजमार्ग याच परिसरात होता. त्यामुळे येथे आधीपासून बाजार असणे शक्य आहे, आणि या मताला बळ मिळते तेही तेवढ्यापुरतेच. विरुद्ध पुरावा अधिक भक्कम दिसतो. वीटकामाच्या तपासणीत इमारतीचा बहुतांश भाग पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरला आहे. सारख्या आकाराच्या घुमटांच्या रांगा हा बेदेस्तेनचा आराखडा ओस्मानी सत्तेखालील बुर्सा व एदिर्ने येथे इस्तंबूल जिंकण्यापूर्वीच रूढ झाला होता. शिवाय जुन्या इमारतींचे कोरीव दगड नव्या बांधकामात बसवण्याची रीत सर्वत्र होती. दरवाजावरच्या एका शिल्पावरून मागच्या भिंतींचे वय काढता येत नाही. म्हणून सुलतान दुसरा मेहमेत याने १४५५-५६ च्या हिवाळ्यात काम सुरू केले आणि १४६०-६१ च्या सुमारास ते पूर्ण होऊन इमारत आयासोफ्या (हागिया सोफिया) मशिदीच्या वक्फला जोडली गेली, हेच मत ग्राह्य धरणे योग्य. दुकानांचे भाडे मशिदीच्या खर्चासाठी होते.

दुसऱ्या, सांदाल बेदेस्तेनची बांधणी (बारा खांब, वीस घुमट) परंपरेने त्याच सुलतानाकडे दिली जाते. परंतु तिच्या बांधणीचा काळ निश्चित मानू नये.

आतल्या बेदेस्तेनमध्ये उजेड फक्त छपरालगतच्या खिडक्यांतून येई. त्यामुळे इमारत दिवसातून थोडेच तास उघडी राहत असे. भिंतींतील बिनखिडकीच्या ४४ तळघरवजा खोल्या तिजोरी म्हणून वापरल्या जात आणि शहरातील श्रीमंत आपला ऐवज तेथे ठेवत. १५९१ मध्ये येथून तीस हजार सुवर्णनाणी चोरीला गेल्याचे व ती जमिनीवरच्या चटयांखाली सापडल्याचे वृत्तांत आहेत.

गल्ल्यांवर आधी लाकडी छपरे होती आणि आगी वारंवार लागत. १६९६ च्या अग्निप्रतिबंधक फर्मानानंतर दोन बेदेस्तेनच्या दरम्यानचा बराच भाग दगड-विटांच्या कमानींनी झाकला गेला. १८९४ च्या भूकंपानंतर डागडुजी करताना बाजाराचा विस्तार कमी करण्यात आला व पश्चिमेकडील काही भाग उघडा रस्ता बनला. शेवटची मोठी आग १९५४ ची. दुरुस्ती १९५९ पर्यंत चालली.

एकोणिसाव्या शतकापर्यंत आजच्या अर्थाने दुकाने नव्हती. ‘दोलाप’ म्हणजे फळीची अरुंद बैठक व मागे कपाटे. विक्रेता बैठकीवर बसे, गिऱ्हाईकही शेजारी टेके. प्रत्येक धंद्याची गल्ली ठरलेली असे. टोपीवाले, रजईवाले, आरसेवाले यांची नावे गल्ल्यांना अजून आहेत, धंदे मात्र बहुतेक बदलले. टोपीवाल्यांच्या काल्पाक्चिलार रस्त्यावर आज सोनारांची रांग आहे.

हाच रस्ता फिरणाऱ्याने आधी लक्षात ठेवावा. तो दक्षिण बाजूने नुरुओस्मानिये दरवाजापासून बेयाझित दरवाजापर्यंत जवळजवळ सरळ जातो. आतला बेदेस्तेन त्याच्या उत्तरेस आहे. कमानींखाली फोनवरील नकाशा अनेकदा भरकटतो. त्यापेक्षा उतार जास्त भरवशाचा. जमीन उत्तरेकडे, मेर्जान व महमुतपाशाच्या दिशेने, उतरत जाते, म्हणून चढ धरला की माणूस काल्पाक्चिलारकडे येतो. ट्रामचा बेयाझित थांबा पश्चिम दरवाजाजवळ आहे. रविवारी बाजार बंद असतो. बाजाराच्या कडेचे ‘हान’ (चौकाभोवतीच्या जुन्या दुमजली वखारी) सहसा वगळले जातात, हे खेदाचे. काहींत अजून कारागिरांची कामे चालतात.

सोन्याच्या खरेदीत दोन आकडे वेगळे मागावेत : ग्रॅमचा दर आणि ‘इश्चिलिक’ (मजुरी). फलकावरचा दर २४ आयारचा (कॅरटचा) असेल आणि दागिना २२ आयारचा असेल, तर तो दर थेट वजनाने गुणणे ही चूक ठरते. २० ग्रॅमच्या अशा बांगडीत शुद्ध सोने १८.३ ग्रॅमच असते. २२ आयारवर ९१६, १८ वर ७५० आणि १४ वर ५८५ असा शिक्का असतो. वजन समोर करून घ्यावे, खड्यांचे वजन सोन्यात धरू देऊ नये. मजुरी परत विकताना मिळत नाही, म्हणून गुंतवणुकीसाठी घेणारे नाणी पसंत करतात. लग्नात भेट दिले जाणारे ‘चेयरेक’ हे २२ आयारचे नाणे सु. १.७५ ग्रॅम भरते.

गालिचा नेहमी उलटून पाहावा. पाठीवर एक सेंटिमीटर मोजून आडव्या व उभ्या गाठी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. येथे हमखास घोटाळा होतो : अनातोलियातील गोर्देस गाठ दोन ताण्यांभोवती (मागावरील उभ्या धाग्यांभोवती) गुंडाळलेली असल्याने पाठीवर आडव्या ओळीत तिचे सहसा दोन शेजारी उठाव दिसतात. प्रत्येक उठाव स्वतंत्र गाठ म्हणून मोजला की घनता दुप्पट भरते. हेरेके येथील चांगल्या रेशमी गालिच्यात १० × १०, म्हणजे चौ. सेंमी.ला १०० गाठी असतात. साध्या लोकरी गालिच्याची तुलना त्याच्याशी करू नये. झालर ही ताण्याच्याच धाग्यांची हवी, मागून शिवलेली असल्यास गालिचा यंत्रावरचा किंवा दुरुस्त केलेला असण्याची शक्यता मोठी. चकाकी हा रेशमाचा पुरावा नव्हे, कारण प्रक्रिया केलेला सुती (कापसाचा) धागाही चकाकतो. सुटा धागा जाळला तर रेशमाला केस जळाल्याचा वास येतो व राख चुरगळते. सुती धागा कागदासारखा पेट घेतो. ओले पांढरे फडके घासून रंग उतरतो का तेही पाहावे. जुना म्हणून विकला जाणारा गालिचा देशाबाहेर न्यायचा असल्यास संग्रहालयाचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वीच मागावे. पुरावस्तू बाहेर नेण्यास तुर्कस्तानात कायद्याने मनाई आहे आणि विमानतळावर अडवल्यावर पावती उपयोगी पडत नाही.