उरलेल्या तेलाचा साबण आणि त्याचा हिशेब

दिवाळीचा फराळ तळून झाला की कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल उरते. काळपट, चिकट, मसाल्याच्या वासाचे. ते पुन्हापुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोरीत ओतावे तर पाइपात थर धरतो. याच तेलाचा कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी चांगला साबण होतो, आणि घरी साबण करून पैसे खरोखर वाचतात ते इथेच.

विकतच्या तेलातून अंघोळीचा साबण केला तर काय होते, तेही मांडून पाहू. खोबरेल १५० ग्रॅम, पामतेल २००, शेंगदाणा तेल १०० आणि एरंडेल ५०, असे एकूण ५०० ग्रॅम तेल. त्याला ७२ ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि १४४ ग्रॅम पाणी. सुकल्यावर साधारण सव्वासहाशे ग्रॅम साबण हाती येतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या सहा वड्या. किलोला खोबरेल ४००, शेंगदाणा आणि एरंडेल २००, पामतेल १४० रुपये असे भाव धरले तर तेलाचेच ११८ रुपये होतात. सोडा धरून वडी वीस रुपयांच्या पुढे जाते. तुमच्या गावचे भाव घालून बघा, चित्र फारसे बदलत नाही. या साबणात तेलातून सुटलेले पन्नासेक ग्रॅम ग्लिसरीन तसेच राहते, कारखान्यात ते बहुधा वेगळे काढून विकतात. त्वचेसाठी ते चांगलेच. पण महिन्याच्या खर्चाच्या वहीत हा साबण ‘बचत’ या रकान्यात लिहू नये.

अंघोळीच्या साबणात बचत करायची तर वेष्टणावरचा टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण वाचा. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असते, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. नुसते ‘बेदिंग बार’ लिहिले असेल तर ४० टक्के असले तरी चालते. तेव्हा वडीची किंमत नव्हे, शंभर ग्रॅमची किंमत आणि टीएफएम शेजारीशेजारी ठेवून तुलना करा. वड्या आणल्या की वेष्टण काढून महिनाभर हवेशीर जागी सुकू द्या, त्या कमी झिजतात. साबणदाणीला भोके हवीतच.

आता कढईतल्या तेलाकडे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन स्निग्धाम्ले. कॉस्टिक सोडा हा जोड तोडतो: आम्ल आणि सोडियम मिळून साबण होतो, ग्लिसरीन सुटे पडते. किती सोडा लागेल हे साखळीच्या लांबीवर ठरते. खोबरेलातल्या मुख्य आम्लाची साखळी १२ कार्बनची, शेंगदाणा किंवा सूर्यफुलातली बहुतेक १८ कार्बनची. साखळी आखूड म्हणजे रेणू हलका, आणि एका ग्रॅममध्ये रेणू जास्त. म्हणून एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, तर शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांना ०.१३४ ते ०.१३७. तेल बदलले की सोडा बदलतो, आणि वाटीने मोजून साबण करणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवाच. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, हेही लक्षात ठेवा.

घटक असे: उरलेले तेल ८०० ग्रॅम, खोबरेल २०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १३९ ग्रॅम, पाणी २८० ग्रॅम. यात सोडा गरजेपेक्षा सुमारे चार टक्के कमी धरला आहे, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि हात सोलवटत नाहीत. खोबरेल घालायचे कारण असे की नुसत्या तळणीच्या तेलाचा साबण मऊ राहतो. शिवाय बोअरच्या जड पाण्यात फेस धरतो तो खोबरेलाचाच साबण.

तेल आधी जुन्या सुती कापडातून गाळा. मग तितकेच पाणी आणि एक चमचा मीठ घालून मंद आचेवर दहा मिनिटे गरम करा. खळखळ उकळू देऊ नका, गरम तेल अंगावर उडते. रात्रभर ठेवले की जळके कण आणि वासाचा बराच भाग खाली पाण्यात उतरतो. वरचे तेल तेवढे काढून घ्या, पाण्याचा थेंब नको.

सोडा कॉस्टिकच लागतो. खायच्या किंवा धुण्याच्या सोड्याने घरी तेलाचा साबण होत नाही. ड्रेन साफ करायची पूडही नको, तिच्यात ॲल्युमिनियमचे तुकडे असू शकतात. भांडे स्टीलचे किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी, मुले दुसऱ्या खोलीत. थंड पाण्यात सोडा थोडाथोडा घाला. सोड्यावर पाणी कधीच ओतायचे नाही. द्रावण ८० अंशांच्या वर सहज जाते. अंगावर उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर लावत बसू नका. डोळ्यात गेले तर असेच धुऊन लगेच दवाखाना गाठा.

द्रावण आणि तेल दोन्ही ४०-४५ अंशांवर आले की द्रावण तेलात ओता आणि स्टीलच्या दांड्याच्या हँड ब्लेंडरने थांबतथांबत घुसळा. मिश्रण पातळ पिठल्यासारखे होऊन चमच्याने सोडलेली धार वर क्षणभर रेघ ठेवते, त्याला ट्रेस येणे म्हणतात. मग प्लॅस्टिक अंथरलेल्या डब्यात ओता. तळणीच्या तेलाचा साबण दोन-तीन दिवसांनी कापता येतो, तोवर मोज्यांशिवाय त्याला हात लावू नका. बहुतेक रासायनिक क्रिया पहिल्या दोन दिवसांतच होते. पुढचे चार ते सहा आठवडे पाणी उडून वडी कडक होण्यासाठी.

वर पांढरी भुकटी आली तर घाबरायचे कारण नाही, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झालेला तो धुण्याचा सोडा आहे. नारिंगी ठिपके आणि खवट वास हे तेल आधीच फार जळले होते याचे लक्षण. असा साबण फरशीला वापरा. तळणीच्या तेलाच्या वड्या अंघोळीला घेऊच नयेत. हळदीचा कागद लाल झाला म्हणून साबण बिघडला असे समजू नका, चांगला साबणही अल्कधर्मी असतो आणि हळद लाल करतोच. पीएच पट्टीवर ९ ते १० ठीक, ११ दिसले तर वडी वापरू नका.

तेल वेगळे होऊन वर तरंगले तर घुसळणे कमी पडले, किंवा सोड्याचा डबा उघडा राहून त्याने ओल धरली आणि वजनात पाणीच मोजले गेले. असे मिश्रण मोजे घालूनच, गरम पाण्यात ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात वितळवून पुन्हा घोटा. उलट वडी ठिसूळ होऊन भुगा पडत असेल तर सोडा जास्त झाला आहे. जादा प्रत्येक ग्रॅम सोड्यामागे साडेसात ग्रॅम तेल लागते: १० ग्रॅम चुकून जास्त पडला असेल तर ७५ ग्रॅम तेल घालून तसेच वितळवायचे. हा हिशेब जमायला घातलेली वजने माहीत हवीत, म्हणून प्रत्येक घाण्याच्या डब्यावर तारीख आणि चारही आकडे लिहून ठेवा.