स्टॅम्प पेपर नाही म्हणून करार फुकट?

पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला पत्रे मारून घ्यायचे, आणि मृगात पाणी आत आलं की कंत्राटदाराकडून ऐकायचं, “स्टॅम्प पेपर कुठाय?” गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत मुरलेला हा समज चुकीचा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अशा कामाचा तोंडी करारही बंधनकारक असतो. नोटरीची सक्ती तर नाहीच. मुद्रांक कमी असेल तर शुल्क-दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात घेत नाहीत, इतकंच.

घोडं अडतं ते पुराव्यावर. म्हणून साध्या कागदावर का होईना, पत्र्याची जाडी, स्क्रू कसले, भिंतीच्या भेगा कोण बुजवणार, हप्ते कधी, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ‘काम चांगलं करून देणार’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला मुदत 2 वर्षांची.