बुंध्यावरची फुलं

राणीच्या बागेत जाणारे बहुतेक लोक आता पेंग्विन बघायला जातात. रत्नागिरीहून आलेल्या आत्याला घेऊन मार्चमधल्या एका सकाळी मी भायखळ्याला गेलो तो त्यासाठीच. (बाग बुधवारी बंद असते, तेवढं बघून निघा.) पण पेंग्विन राहिले बाजूला. वाटेतच आत्या एका उंच झाडाखाली थांबली, बुंध्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे आमच्या फणसासारखंच की रे. बुंध्याला धरलंय."

झाड कैलासपतीचं होतं. वर पानांचा झुपका, आणि खाली खोडातूनच फुटून दोरखंडांसारख्या लोंबणाऱ्या फांद्या. त्यांवर गुलाबी-केशरी जाडजूड पाकळ्यांची फुलं, आणि अधूनमधून तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं. आत्याने बरोबर खुणेवर बोट ठेवलं होतं. मी या बागेत कितीदा आलो असेन, पण फणसाशी याचं नातं लावायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तसं कुळाचं नातं काही नाही. फणस वड-उंबराच्या कुळातला, तर कैलासपती दक्षिण अमेरिकेतला, ब्राझील नटच्या कुळातला. 1775 मध्ये ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने गयानातल्या झाडावरून त्याचं वर्णन केलं. ज्या झाडापासून चॉकलेट होतं तो कोको आणखी तिसऱ्याच कुळातला, भेंडी-कापसाच्या. तरी तिघांचीही फुलं जुन्या खोडातून निघतात. म्हणजे निसर्गात ही युक्ती एकदाच सापडली आणि मग वाटली गेली असं झालं नाही, ती वेगवेगळ्या घराण्यांना स्वतंत्रपणे सापडत गेली. तिला कॉलिफ्लोरी म्हणतात. हे ऐकून मंडईतला फ्लॉवर आठवला तर चूक नाही, कारण लॅटिनमधला 'कॉलिस', म्हणजे देठ किंवा खोड, दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे.

आता एवढ्या जाड सालीतून कळी बाहेर येते कशी? फांदी कोवळी असताना पानाच्या बगलेत डोळे तयार होतात. काही झाडांत यातले काही डोळे फुटतच नाहीत, झोपून राहतात. खोड वर्षागणिक जाड होत जातं तसे तेही थोडे थोडे बाहेर सरकत राहतात, सालीखाली पण जिवंत. मग कित्येक वर्षांनी, झाड वयात आलं की साल फोडून फुलतात. एकाच जागेतून दर हंगामाला फुलं येत गेली की तिथे गाठ तयार होते. कोकणातल्या जुन्या फणसाच्या बुंध्यावर अशा गाठी हाताला लागतात, आणि यंदा कुयरी, म्हणजे कोवळा फणस, कुठे धरणार हे घरातली माणसं त्यांवरूनच सांगतात.

हे कशासाठी, याचं आत्याचं उत्तर तयार होतं: "एवढं वजन डहाळी कशी पेलेल?" फणस तीस किलोच्याही पुढे जाऊ शकतो, त्यामुळे मुद्दा बिनतोड वाटतो. पण उंबराचं फळ वजनाने किती असणार? तेही बुंध्याला लगडलेलं असतं. नुसत्या वजनाने हिशेब पुरा होत नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1878 मध्ये वेगळा तर्क मांडला: घनदाट जंगलात फुलपाखरं वरच्या छत्रात न जाता खालच्या सावलीत फिरतात, तेव्हा फुलंच खाली आलेली बरी. फुलपाखरांपुरता हा तर्क सगळीकडे लागू पडत नाही, पण दिशा योग्य होती. कोकोचं परागीभवन चिलटं करतात, आणि ती जमिनीलगतच्या पालापाचोळ्यात वाढतात. काही झाडांची खोडावरची फुलं वटवाघळांसाठी असतात, त्यांना पानांच्या गर्दीत पंख न अडकता तिथवर पोचता येतं. मला विचाराल तर एकच कारण शोधण्याचा हट्टच चुकीचा आहे. प्रत्येक झाडाचं गिऱ्हाईक निराळं, तसा त्याच्या दुकानाचा दरवाजा निराळा.

कैलासपतीचं दुकान तर मुद्दाम बघण्यासारखं. खाली पडलेलं एक ताजं फूल मी उचललं. मधोमध चपटी चकती, तिच्याभोवती पुंकेसरांचं दाट कडं, आणि एका बाजूने निघून वर वाकलेली फणा, तिलाही केसर. आपल्याकडे लोकांना त्यात पिंडीवरचा नाग दिसला आणि हे परदेशी झाड शंकराच्या देवळांत जाऊन बसलं. श्रीलंकेत तर ते साल वृक्ष समजून बुद्धविहारांत लावलं जातं! पण फणा आणि कडं यांतले पराग सारखे नाहीत. या फुलात मध नाही. भुंगा येतो तो पराग खायला, आणि त्याला मिळतो फणेवरचा. तो नुसता खाऊ, त्यातून बी धरत नाही. भुंगा फणा आणि चकती यांच्या फटीत घुसून खाण्यात गुंतला, की दुसऱ्या बाजूच्या कड्यातला खरा, फलनक्षम पराग त्याच्या पाठीला लागतो. पाठीवरचं झटकणं त्यालाही अवघडच. तो तसाच पुढच्या फुलात जातो.

या झाडाची दुसरी बाजू मात्र मुंबईत अर्धवट राहते. फळ पिकून खाली आपटतं, फुटतं, आतला गर हवा लागताच निळसर पडतो आणि असा घाण वास सुटतो की माणूस नाक धरून पळतो. तिकडे त्याच्या मायदेशात पेकारी नावाचे रानडुकरासारखे प्राणी तो आवडीने खातात आणि बिया दूर टाकतात. इथे ते काम माळी करतात.

1862 मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीचा बागच सांगावा लागतो. इथे सीतेचा अशोकही आहे. मार्चमध्ये त्याच्या जुन्या, जाड फांद्यांवर थेट केशरी गुच्छ बसलेले असतात. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो सरळसोट 'अशोक' वेगळा, त्याच्याकडून अशा फुलांची अपेक्षा ठेवू नका.

परतताना उंबर लागला. बुंधाभर लालसर फळं, खाली सडा. फार दिवस न भेटलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, पण खरं तर ती फुलं आपण रोज तुडवत असतो. उंबर म्हणजे फळ नव्हेच, आत वळून बंद झालेला फुलोरा. शेकडो बारीक फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. टोकाच्या चिमुकल्या भोकातून गांधीलमाशीच्या जातीची, डासाहून लहान मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद की पंख तुटतात. आणलेला पराग फुलांना लावून, अंडी घालून ती तिथेच मरते. तिच्या पोरांतले नर बिनपंखाचे. ते माद्यांशी मिलन करतात, बाहेर पडायची वाट पोखरतात आणि संपतात. नव्या माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात आणि दुसरा उंबर शोधतात. त्यांच्याकडे वेळ असतो जेमतेम एक-दोन दिवसांचा.

हे सगळं मी आत्याला रंगवून सांगत होतो. तिने एक बरं पिकलेलं उंबर उचललं, नखाने दोन फाकी केल्या, आतली चिलटं सवयीने फुंकून उडवली आणि एक फाक तोंडात टाकली.

"गोड आहे," ती म्हणाली, आणि दुसरी माझ्यापुढे धरली.