ड्रिल पाइपातील एकेरी व्हॉल्व्ह : पार्श्वभूमी

1958 साली खंभातजवळ लुणेज येथे आणि 1960 साली अंकलेश्वर येथे तेल लागले, तेव्हापासून बडोद्याचे या व्यवसायाशी नाते जडले आणि शहरातील मराठी घरांतूनही अनेकजण ओएनजीसीच्या रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, जाऊ लागले. रिगचा विषय निघाला की ब्लोआउट प्रिव्हेंटरबद्दल (तेल-वायूची अनावर उसळी रोखणाऱ्या, विहिरीच्या तोंडावरील यंत्रणेबद्दल) भरपूर बोलले जाते. बिटच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकाच्या, लगेच वर बसवलेल्या फ्लोट व्हॉल्व्हचा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा) उल्लेख मात्र क्वचित होतो. तो व्हायला हवा, कारण प्रिव्हेंटर पाइपाभोवतीची पोकळी बंद करतो, पण पाइपाच्या आतला रस्ता खालून अडवण्याचे काम हा व्हॉल्व्ह करतो.

रोटरी ड्रिलिंगमध्ये, म्हणजे पाइप फिरवत खोदताना, मड (चिखलासारखा द्रव) पाइपातून खाली जाते, बिटच्या नोझलमधून बाहेर पडते आणि दगडाचा चुरा घेऊन पाइपाबाहेरून वर येते. नवा पाइप जोडण्यासाठी पंप बंद केला की चुऱ्यामुळे जड झालेले बाहेरचे मड पाइपात परत शिरू पाहते आणि नोझल तुंबतात. त्याच वेळी खडकातील वायूने उसळी घेतली, तर रिगच्या फ्लोअरवर उघडा असलेला पाइप हीच त्याची वाट होते. 10 जानेवारी 1901 रोजी टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे उसळलेल्या तेलाने ड्रिल पाइप डेरिकच्या, म्हणजे विहिरीवरील मनोऱ्याच्या, वर उडवले आणि ती विहीर काबूत आणायला नऊ दिवस लागले.

व्हॉल्व्हची रचना साधी आहे. फ्लॅपर प्रकारात बिजागरीवर एक गोल झडप असते. वरून येणारे मड तिला खाली ढकलून उघडते, आणि पंप थांबताच हलकी स्प्रिंग तिला सीटवर नेते. त्यानंतर खालचा दाब जितका वाढेल, तितकी ती अधिक घट्ट बसते. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. प्लंजर प्रकारात स्प्रिंगवरचा दट्ट्या हेच काम करतो, मात्र तो प्रवाहाच्या मधोमध राहत असल्याने त्यातून वायरलाइनची (तारेला बांधलेली) हत्यारे खाली सोडता येत नाहीत. कॅलिफोर्नियातील रुबेन बेकर यांनी 1907 मध्ये केसिंग शूचे, म्हणजे विहिरीला आतून आधार देणाऱ्या नळीच्या (केसिंगच्या) खालच्या टोकावरील भागाचे, पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीची प्लंजरसाठी ‘एफ’ आणि फ्लॅपरसाठी ‘जी’ ही मॉडेलची नावे पुढे या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी बसली.

केसिंगमध्ये अशा व्हॉल्व्हचा आणखी एक उपयोग होता. खालचे तोंड बंद असले की लांबलचक केसिंग मडमध्ये काही अंशी तरंगते आणि डेरिकवरचा भार हलका होतो. पुढे सिमेंटिंगमध्ये, म्हणजे केसिंगबाहेरची पोकळी सिमेंटने भरताना, बाहेर गेलेले जड सिमेंट परत आत येऊ नये म्हणून त्याचीच गरज पडली. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातातील माकोंडो विहिरीत केसिंगच्या फ्लोट कॉलरचे (तळाजवळच्या जोडभागातले) आधी उघडे ठेवलेले व्हॉल्व्ह एकेरी स्थितीत आणण्यासाठी नऊ वेळा दाब द्यावा लागला, आणि काहीशे पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) अपेक्षित असताना तो 3,142 पर्यंत गेला. ते व्हॉल्व्ह खरोखर त्या स्थितीत आले होते का, हा प्रश्न चौकशीत उपस्थित झाला. 20 एप्रिलच्या स्फोटात 11 जण मृत्युमुखी पडले. त्यामागे सिमेंटचे अपयश आणि दाबचाचणीचा चुकीचा अर्थ अशी इतर कारणेही होती. तरीही झडप बसली असे गृहीत धरणे आणि ती बसल्याची खात्री करणे यांत किती अंतर आहे, हे त्या नऊ प्रयत्नांतून दिसते.

ड्रिल पाइपातल्या व्हॉल्व्हची किंमतही मोजावी लागते. पाइप खाली सोडताना त्यात आपोआप मड भरत नाही, म्हणून ते ठरावीक अंतराने वरून भरावे लागते; नाहीतर बाहेरच्या दाबाने पाइप चेपण्याचा धोका असतो. उलट दिशेने मड फिरवता येत नाही. सर्वांत अवघड अडचण किकच्या वेळी, म्हणजे खडकातील वायू किंवा द्रव विहिरीत शिरतो तेव्हा, येते. खडकाचा दाब काढण्यासाठी बंद विहिरीत ड्रिल पाइपवरचा गेज वाचायचा असतो, पण मिटलेली झडप तो दाब वर पोहोचूच देत नाही. त्यामुळे पंप अगदी हळू चालवून, झडप उघडताक्षणी दाबाची चढण कुठे मोडते ते पाहून आकडा ठरवावा लागतो, आणि घाई झाली तर तो फुगलेला येतो. ही अडचण दूर करण्यासाठी फ्लॅपरमध्ये बारीक छिद्र ठेवण्याची पद्धत आली. त्यातून थोडे मड परत येते, पण खालचा दाब गेजवर थेट वाचता येतो.