फिगर स्केटिंगमधील गुणदान : तंत्र आणि कला

बर्फावरच्या फिगर स्केटिंग स्पर्धेत खेळाडूला दोन खात्यांत गुण मिळतात. उड्या, गिरक्या आणि पदन्यास यांचे तांत्रिक गुण, आणि रचना, सादरीकरण व स्केटिंगवरील प्रभुत्व यांचे कलागुण. दोहोंच्या बेरजेतून पडण्यासारख्या चुकांची वजावट होऊन क्रमांक ठरतो. कोणत्या खात्याचे पारडे जड असावे, यावरचा वाद फार जुना आहे.

नाशिकमध्ये बर्फाचे रिंक नाही. निफाडचा पारा एखाद्या हिवाळ्यात पाच अंशांखाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण स्केटिंग म्हणजे इथे चाकांचेच. वाद मात्र ओळखीचा आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग पाहिलेल्या माणसाला ‘नाटक बसलं चांगलं होतं, पण भिडलं नाही’ हे वाक्य नवे नाही. मल्लखांबातही कठीण पकड घेणे आणि ती सफाईने, डौलाने सोडणे यांची किंमत वेगळी. (मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांना ही विद्या सप्तशृंगगडावर स्फुरली, अशी आख्यायिका आहे, तेव्हा हा दाखला घरचाच.)

जुन्या पद्धतीत कमाल गुण ६.० होते, तांत्रिक सफाईला एक आकडा, कलात्मक प्रभावाला दुसरा. शिवाय बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याची सक्तीची फेरी असे. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाने आकृत्यांत एवढी आघाडी घेतली की मुक्त फेरीत, म्हणजे संगीतावर स्वतः रचलेल्या सादरीकरणाच्या फेरीत, सातवी येऊनही सुवर्णपदक तिचेच. मुक्त फेरी जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्य मिळाले. आकृत्यांचे वजन पुढे घटत गेले आणि १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या.

६.० ची पद्धत मोडली ती २००२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला. जोडीच्या स्पर्धेत रशियाच्या येलेना बेरेझ्नाया व आंतोन सिखारुलिद्झे यांना ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सुवर्ण मिळाले. फ्रेंच परीक्षकावर दबाव असल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि कॅनडाच्या जेमी साले व डेव्हिड पेलेटिए यांनाही सुवर्णपदक देण्यात आले. त्यातून आलेली नवी पद्धत २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये लागू झाली. मधल्या काळात कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे झाकून ठेवले जाई. दबाव टाळण्याचा हा उपाय अजबच म्हणायचा; २०१६ मध्ये तो मागे घेतला गेला.

आज प्रत्येक घटकाला छापील मूळ मूल्य असते. तो घटक कोणता आणि पूर्ण झाला का, हे तांत्रिक पथक ठरवते. मग नऊ परीक्षक –५ ते +५ अशी सफाईची श्रेणी देतात. सर्वांत मोठा व सर्वांत छोटा आकडा वगळून सरासरी काढतात. श्रेणीची एक पायरी म्हणजे मूळ मूल्याचे दहा टक्के. ‘तंत्र मोजता येते, कला मोजता येत नाही’ हे नेहमीचे विधान इथेच लंगडे पडते, कारण सफाई हाही नजरेचाच निवाडा. आणि चार मिनिटांच्या मुक्त फेरीत तेच नऊ जण प्रत्येक घटकाला श्रेणी देतात आणि कलागुणही तेच ठरवतात. मोठी उडी साधली की कलेचा आकडाही वर सरकतो, नावाजलेल्या खेळाडूला वलयाचे गुण मिळतात, अशी टीका म्हणूनच होते. दोन्ही कामांसाठी वेगळी परीक्षक मंडळे असावीत, ही मागणीही त्यातूनच आली.

त्याहून मोठी अडचण हिशेबाची आहे. कलेला छत आहे, तंत्राला नाही. २०२२ पासून पाचऐवजी तीन कलाघटक, प्रत्येकी कमाल १०. पुरुषांच्या मुक्त फेरीत बेरजेला ३.३३ ने गुणतात, म्हणजे पैकीच्या पैकी मिळाले तरी ९९.९. उलट, चार फेऱ्यांच्या (हवेत स्वतःभोवती चारदा फिरण्याच्या) उड्या वाढल्या तसे तांत्रिक गुण चढत गेले. २०२४ च्या माँट्रियल जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या इलिया मालिनिनने मुक्त फेरीत २२७.७९ गुण मिळवले. कलेचे सगळे गुण त्याला दिले असे धरले, तरी तंत्राचे १२७ हून अधिक उरतात.

पडणाऱ्यालाही हे गणित सांभाळून घेते. २०१८ च्या तक्त्यात चार फेऱ्यांच्या ‘लुट्झ’ प्रकारच्या उडीचे मूळ मूल्य ११.५० आहे. ती पूर्ण फिरून खेळाडू आपटला, –५ श्रेणी मिळाली आणि पडण्याचा एक गुण कापला, तरी ४.७५ हाती राहतात. तीन फेऱ्यांची ‘टो लूप’ प्रकारची उडी नीटनेटकी उतरवणाऱ्याचे मूळ मूल्य ४.२०!

उलट बाजूचा दाखला २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकचा. अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने चार फेऱ्यांची एकही उडी न मारता रशियाच्या एवगेनी प्लुशेंकोला २५७.६७ विरुद्ध २५६.३६ असे हरवले आणि प्लुशेंकोने जाहीर नाराजी व्यक्त केली. महिलांत २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये आलिना झागितोवाने मुक्त फेरीतल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण थकल्या पायांनी मारलेल्या उडीला दहा टक्के जादा मूल्य होते. मुक्त फेरीत तिचे आणि एवगेनिया मेदवेदेवाचे गुण अगदी सारखे, १५६.६५, सुवर्ण झागितोवाला मिळाले ते मुक्त फेरीआधीच्या छोट्या फेरीतल्या आघाडीवर. रचनेचा तोल बिघडतो अशी ओरड झाल्यावर ही सवलत मुक्त फेरीत शेवटच्या तीन आणि छोट्या फेरीत शेवटच्या एका उडीपुरती राहिली.

चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगची ‘रोलआर्ट’ ही गुणपद्धतही याच नमुन्यावर बांधलेली आहे. तिथेही घटकांना मूळ मूल्य, सफाईची श्रेणी आणि कलागुणांचे वेगळे खाते आहे.