टीडीएस बरोबर आहे, मग फिल्टर कशाला बदलायचा?

(आमच्याकडून आरओ किंवा यूव्ही मशीन घेतलेल्या आणि सर्व्हिसिंग करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाला बहुतेक घरी दारातच सांगितलं जातं, "मीटर लावून बघितलंय, ४५ येतोय. फिल्टर बदलू नका, नुसतं साफ करून जा." मग अर्धा तास बोलण्यात जातो आणि पुढच्या घरची वेळ चुकते. ते बोलणं एकदा लिहूनच द्यावं, म्हणून हे पत्रक.

मीटर खोटं बोलत नाही. ४५ म्हणजे ४५च. पण ज्यातलं त्याला काही कळत नाही, त्याचाही निकाल आपण त्याच्याकडून लावून घेतो. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा आकडा, म्हणजे टीडीएस, दाखवतं. गाळ विरघळलेला नसतो, त्यामुळे पावसाळ्यात चहासारखं दिसणारं पाणीही मीटरवर ८० दाखवू शकतं. जंतू त्याला दिसत नाहीत. नळाच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीनने आकडा हलत नाही. आरओ मशीनमध्ये वापराने संपणारे मुख्य भाग चार: कँडल, कार्बन, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आणि असला तर यूव्हीचा दिवा. त्यातल्या एकट्या मेम्ब्रेनची परीक्षा मीटर घेतं. साध्या यूव्ही मशीनला तर मेम्ब्रेनच नसतो. तिथे आत जाताना १२० असेल तर बाहेरही १२०च येणार, आणि "तुमचं मशीन टीडीएस कमी करत नाही" ही तक्रार आम्ही नोंदवून घेऊनही काही उपयोग नाही.

बाहेरची कँडल: डोळ्यांनी बघा

मशीनच्या शेजारी भिंतीवर पारदर्शक बाऊल असतो, त्यात १० इंची, ५ मायक्रॉनची पांढरी स्पन कँडल. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. "पाणी कमी येतंय, मेम्ब्रेन गेला वाटतं" असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न एकच असतो: कँडलचा रंग काय आहे?

खडकवासला धरणाचं पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यात स्वच्छ असतं, तेव्हा ती तीन-चार महिने जाते. जून ते सप्टेंबर दीड-दोन महिने. टँकर किंवा बोअर असेल तर दर महिन्याला नजर टाका. बाहेरून तपकिरी झाली एवढ्यावरून ती संपली असं नाही, तिचं कामच ते आहे. पण नळाला दाब नेहमीसारखा असताना मशीन भरायला वेळ घेऊ लागलं, किंवा कँडल बोटाने दाबल्यावर बुळबुळीत लागली, तर बदला.

धुऊन परत घालू नका. हे ठळक लिहिण्याचं कारण, घरोघरी ब्रशने घासलेल्या कँडल आम्ही बघतो. या कँडलचे धागे बाहेरच्या बाजूला सैल आणि आत जाल तसे घट्ट असतात. जाड गाळ बाहेर अडकतो, बारीक आतल्या थरांत. ब्रशने बाहेरचा निघतो आणि कँडल नवी दिसते. आतला गाळ तसाच राहतो, म्हणून पाण्याचा वेग काही वाढत नाही. शिवाय घासल्याने धागे सुटतात आणि बारीक गाळाला वाट मिळते, तो पुढच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो. १५० रुपये वाचवायला जाऊन कार्बनचा आणि शेवटी मेम्ब्रेनचा खर्च अंगावर येतो.

कँडल घरी बदलता येते. आम्हाला बोलवायलाच हवं असं नाही. मशीनचा प्लग काढा. नळाजवळचा छोटा व्हॉल्व्ह बंद करा. बाऊलमधून मशीनला जाणारी नळी ढिली करून दाब सोडा, नाहीतर बाऊल सुटताच ओटाभर पाणी होतं. खाली पातेलं धरून पाना बाऊलला लावा आणि सैल करा. बाऊल नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको. नवी कँडल घालण्याआधी तिच्यावरचं प्लॅस्टिक काढा. हसू नका, प्लॅस्टिकसकट बसवलेली कँडल आणि "नवीन घातली तरी पाणी येत नाही" हा फोन आम्हाला ठाऊक आहे. कँडल मधल्या टोकावर सरळ उभी राहिली पाहिजे. बाऊलच्या खाचेतली काळी ओ-रिंग जागेवर आहे ना, तिच्यावर वाळूचा कण नाही ना, ते बघा. मग बाऊल हाताने घट्ट करा आणि पान्याने फार तर पाव फेरा. जोर लावलात तर बाऊलला चीर जाते आणि ती रात्री कधीतरी उघडते. व्हॉल्व्ह हळू उघडा, दहा मिनिटं गळतंय का बघा आणि पहिली टाकीभर पाणी झाडांना घाला. कँडल बाऊलमध्ये ठेवण्याआधी तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहा. आमची मुलंही लिहितात, कारण तारखेशिवायच्या कँडलबद्दल प्रत्येकाला "गेल्याच महिन्यात बदलली" असं आठवतं.

महापालिकेने गुरुवारी पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी पहिल्यांदा येणारं पाणी लाइनमधला सगळा गाळ घेऊन येतं. सोसायटीची टाकी धुतात त्या दिवशीही तेच. अशा वेळी मशीनचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, सिंकचा नळ पाणी नितळ येईपर्यंत सोडा आणि मगच व्हॉल्व्ह उघडा. एवढं केलं तरी कँडल महिनाभर जास्त जाईल.

कार्बन: गुपचूप संपतो

मशीनच्या आत मेम्ब्रेनच्या आधी कार्बनची नळी असते. क्लोरीन आणि वास शोषणं हे तिचं काम. सगळ्यात जास्त वाद हिच्यावरून होतो, कारण ती संपली तरी पाणी येत राहतं, टीडीएसही तोच राहतो. बाहेरून काही कळत नाही. पण मेम्ब्रेनचा पातळ थर क्लोरीन सहन करत नाही. कार्बन थकला की क्लोरीन थेट त्याच्यावर जातो आणि झालेलं नुकसान धुऊन भरून येत नाही.

"आम्ही दिवसाला २० लिटरच वापरतो, वर्षात कसा संपेल?" हा प्रश्न बरोबर आहे, हिशेब मात्र अर्धा. साधारण घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर सोडतो. २० लिटर प्यायला हवं तर कार्बनमधून ८० लिटर जातं. वर्षाचे झाले २९,२०० लिटर. यूव्ही मशीनमध्ये पाणी वाया जात नाही, तिथे तोच आकडा ७,३०० येतो. म्हणूनच आरओवाल्यांना आम्ही वर्षाला कार्बन बदलायला सांगतो आणि महापालिकेच्या पाण्यावरच्या यूव्हीवाल्यांना बऱ्याचदा दीड वर्षापर्यंत चालवू देतो. त्याच्या पुढे मात्र नाही. क्लोरीन निघून गेलेल्या पाण्यात जुना ओला कार्बन जंतूंना घर करायला बरा पडतो.

कार्बन जिवंत आहे की नाही हे बघायला ग्रामपंचायतीत टाकीच्या पाण्यावर करतात तीच ओटी टेस्ट पुरते. नळाचं पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन आहे, चांगलंच आहे. कार्बनमधून बाहेर पडलेलं पाणी मात्र पिवळं होता कामा नये. झालं तर कार्बन गेला. नळाचं पाणी मुळातच पिवळं होत नसेल तर या टेस्टवरून कार्बनबद्दल काही कळत नाही. आमचा मुलगा ही टेस्ट तुमच्यासमोर करतो. केली नाही तर मागून घ्या. थेंब टाकलेलं पाणी ओतून द्यायचं, चव बघायची नाही.

टँकरवाल्या सोसायट्यांसाठी वेगळं सांगतो. वॉचमन टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकतात. एखाद्या दिवशी ओंजळ जड पडते आणि पाण्याला तरणतलावासारखा वास येतो. त्या दिवशी मशीन बंद ठेवा. असं वारंवार होत असेल तर कार्बन सहा महिन्यांवर आणावा लागतो आणि त्यात आमचा काही डाव नसतो.

मेम्ब्रेन: इथे मीटर वापरा

एकदा नळाचं पाणी मोजा, एकदा मशीनचं. आत ९००, बाहेर ६० म्हणजे ९३ टक्क्यांहून जास्त क्षार अडले, उत्तम. नुसता बाहेरचा आकडा बघू नका. आतलं पाणीच टँकरच्या जागी धरणाचं झालं तर बाहेरचा आकडा आपोआप उतरतो. अडवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की बदलायची वेळ झाली. फक्त आधी टीडीएस अ‍ॅडजस्टर तपासावा लागतो. हा छोटा स्क्रू मेम्ब्रेनला वळसा घालून थोडं पाणी मिसळतो, आणि तो कोणी फिरवला असेल तर नवाकोरा मेम्ब्रेनही नापास होतो. म्हणून फोनवर "मेम्ब्रेन घेऊन या" म्हटलं तरी आम्ही आधी मीटर घेऊन येतो.

दुसरी तपासणी वेगाची. मशीनची टाकी नळाने रिकामी करा, नळ बंद करा, दहा मिनिटांनी जमलेलं पाणी मापाच्या भांड्यात काढा. ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन चांगला असताना दीड ते दोन लिटर मिळतं. डिसेंबर-जानेवारीत गार पाण्यामुळे थोडं कमी येईल, ते चालायचंच. लिटरच्या खाली गेलं तर आधी कँडल, मग कार्बन, मग पंपाचा दाब, आणि सगळ्यात शेवटी मेम्ब्रेन, हा क्रम.

क्षार साचून मेम्ब्रेन जातो तेव्हा पाणी कमी होत जातं. क्लोरीनने जातो तेव्हा उलट होतं: पाणी जोरात यायला लागतं आणि टीडीएस चढतो. मशीन आपोआप सुधारलं असं वाटलं तर आनंद न मानता मीटर लावा.

वेस्टची नळी दाबणं, तिला गाठ मारणं, नळ लावणं हे कृपया नको. पाणी वाचावं ही भावना चांगली आहे, पण ते वाहतं पाणीच मेम्ब्रेनवरचे क्षार घेऊन जातं. ते अडलं की क्षार आतच जमतात आणि वर्षांचं काम महिन्यांत आटोपतं. वाचवायचं तर बादलीत धरा. फरशी पुसायला, संडासाला चालतं. कुंड्यांना रोज नको, त्यात नळाच्या पाण्याहून क्षार जास्त असतात.

यूव्हीचा दिवा: कॅलेंडर बघा

निळा प्रकाश दिसतो म्हणजे दिवा काम करतोय असं नाही. साधारण ८,००० तासांनंतर दिसणारा उजेड तसाच राहतो, जंतू मारणारा भाग उतरतो. वर्षाने बदला. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरा थर असेल तर नवा दिवाही फुकट, ती पुसून घ्या. चालू दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका.

तुम्हाला आरओ हवाच का?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० (मिलिग्रॅम प्रति लिटर) आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या खाली आरओ नको अशीच भूमिका घेतली होती. फक्त धरणाचं पाणी येणाऱ्या घरी आम्ही यूव्ही-यूएफच (यूएफ म्हणजे जंतू अडवणारी, पण क्षार न अडवणारी बारीक गाळणी) सुचवतो. ते स्वस्त आहे, सर्व्हिसिंगही कमी, म्हणजे आमचा धंदाही कमी. तरी सुचवतो, कारण आरओ विकून नंतर पाच वर्षं वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल ऐकून घेणं आम्हालाच जमत नाही. बोअर-टँकर असेल, भांड्यांवर पांढरे डाग बसत असतील, तर मात्र आरओ.

जंतूंचा प्रश्न टीडीएसशी जोडू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा "आमचा टीडीएस १०० आहे, म्हणजे काळजी नाही ना?" असं विचारलं जात होतं. त्या प्रश्नाला टीडीएसचा आकडा काहीच उत्तर देत नाही. तिथे चालू यूव्ही, धड यूएफ किंवा सरळ पाणी उकळणं कामाचं.

फोन करण्याआधी

प्लग चालू आहे ना, व्हॉल्व्ह उघडा आहे ना, गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे ना, हे बघा. व्हॉल्व्ह उघडून परत आलो तरी व्हिजिटचे २५० रुपये घ्यावेच लागतात आणि ते मागताना आम्हालाही बरं वाटत नाही. कँडलचा फोटो, आत-बाहेरचा टीडीएस आणि दहा मिनिटांचं माप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तर बहुतेक वेळा काय लागेल ते आधीच कळतं आणि एका फेरीत काम होतं. नंबर बिलाच्या मागे आहे.

वार्षिक करारात दोन फेऱ्या असतात, एक मे अखेरीस आणि एक दसरा-दिवाळीच्या दरम्यान. त्यात चार कँडल, कार्बन आणि दिवा येतो, मेम्ब्रेन येत नाही. बदललेला प्रत्येक भाग आम्ही कापून किंवा फोडून तुमच्या हातात देतो. तो ठेवायचा की टाकायचा ते तुम्ही ठरवा. गणपतीला किंवा दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल तर मशीनची टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह बंद करा. परत आल्यावर पहिल्या दोन टाक्या सोडून द्या.